दाजींनी मोजलेली हार्ड डिस्क

सोलापुरात घरच्या कॉम्प्युटरच्या आत बांध घालणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण दुसरा कुणी असता तर आमच्या दाजींनी त्याला शोधून काढून त्याच्या हद्दी एव्हाना तपासल्या असत्या. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात, आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी त्या हाकेत ‘आता निघा’ असा एक बारीक सूर मला ऐकू येतो. सारी नोकरी त्यांनी भूमापक म्हणून केली. मंद्रूप आणि आसपासच्या गावांत शेतं मोजून, भावाभावांच्या वाटण्या लावून, रागावलेल्या माणसांच्या मधून मोजणीची साखळी ओढत ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. मोजायला जमीन उरली नव्हती, तेव्हा त्यांनी हार्ड डिस्क मोजायला घेतली. या कामात त्यांच्या हातून आजवर एकच चूक झाली. ती नेमकी माझ्या सासऱ्यांच्या आवाजाच्या बाबतीत झाली आणि तिच्यात माझाही हात होता, म्हणून हे सगळं लिहायला बसलो आहे.

कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशीच पहिला तंटा उभा राहिला. खोक्यावर लिहिलं होतं हजार जीबी आणि पडद्यावर दिसत होते नऊशे एकतीस. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. आलं असतं तरी त्यानं चहा पिऊन विषय सोडून दिला असता. दाजींनी आकडे कागदावर उतरवले, खाली सही केली आणि मला घेऊन नवी पेठेतल्या त्या दुकानात गेले. रविवारची गर्दी होती. साड्यांच्या पिशव्या, रिक्षांचे हॉर्न, आणि या सगळ्यात दाजी काउंटरवर कागद ठेवून शांतपणे म्हणाले, “एकोणसत्तर जीबी कमी भरतंय. कुणाच्या ताब्यात हाय?” दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, “साहेब, किसीने कुछ नहीं लिया. कंपनी हजारानं मोजती, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं मोजतो. माल पूरा है.” मला वाटलं, आता फेरमोजणीचा अर्ज होणार. पण दाजींचा चेहरा एकदम उजळला. “म्हंजे साखळी दोन प्रकारची हाय. विकणाऱ्याची येगळी, मोजणाऱ्याची येगळी. आधी सांगायचं की.” त्या दिवसापासून त्या दुकानदाराबद्दल त्यांचं मत फार चांगलं आहे. खात्यात चाळीस वर्षं काढलेल्या लोकांनासुद्धा साखळीतला फरक समजत नाही, हा पोरगेला माणूस बघा, असं ते अजून सांगतात. तो पोरगेला माणूस पंचेचाळिशीचा आहे.

मग वाटणी झाली. आपण लोक हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग करतो, किंवा दुकानदारानं करून दिलेले तसेच वापरतो. दाजींनी आधी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. सी म्हणजे सरकारी जमीन. तिथं कॉम्प्युटरची स्वतःची व्यवस्था राहते, तिच्यात घरच्या कुणी एक फोटोही ठेवला तर ते अतिक्रमण. डी दाजींचा, ई अक्कांचा, एफ अकलूजला दिलेल्या लेकीचा. लेक सासरी गेली, तिचा स्वतःचा लॅपटॉप आहे, ती वर्षातून दोनदा येते. पण तिचा हिस्सा तसूभर कमी नाही. “लग्न झालं म्हून पोरीचं नाव काडणारी मानसं मी लई बगितली,” दाजी म्हणाले. शेवटचा जी म्हणजे गायरान. पाहुणेरावळे, लग्नपत्रिका, फोनवर आलेले सुप्रभात, शेजाऱ्यांच्या मुलांचे प्रोजेक्ट, सगळी मोकाट जनावरं तिथं चरायची. आणि या सगळ्या हिश्श्यांच्या मध्ये त्यांनी थोडी थोडी जागा कुणाच्याच नावावर न लावता सोडून दिली. याची काही गरज नसते, हे मी त्यांना माझ्या अल्प ज्ञानावर सांगून पाहिलं. ते म्हणाले, “बांध नसला की आज न्हाय तर उद्या भांडान.” भांडणं तरी व्हायचीच. अक्कांच्या हिश्श्यात एकूण अकरा पाककृती आणि गौरीच्या आराशीचे फोटो, तरी आपला हिस्सा डीपेक्षा लहान दिसतो ही त्यांची तक्रार. एकदा त्यांनी भाचीच्या बारशाचे फोटो चुकून डीमध्ये ठेवले, तर दाजींनी त्यांना लेखी नोटीस दिली. अक्कांनी ती भाकरीखाली घेतली.

देखभालीचं तर विचारू नका. कॉम्प्युटरवर एक जाड सोलापुरी चादर असते आणि ती काढण्याआधी दाजी हात धुतात. उन्हाळ्यात बारा ते चार यंत्र बंद. दुपारी बैलसुद्धा सोडतात, मग याला का जुंपायचं, असा त्यांचा साधा प्रश्न असतो. एकदा ऐन मेमध्ये मला विजेचं बिल भरायचं होतं, शेवटचा दिवस होता, मी त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी मला चार वाजेपर्यंत पन्हं पाजत बसवून ठेवलं. दर तीन महिन्यांनी एक मोठा सोहळा असतो. कॉम्प्युटरला एकच फाइल सलग ठेवायला जागा मिळाली नाही की तो तिचे तुकडे करून मिळेल तिथं टाकतो. ते तुकडे पुन्हा एका जागी आणायचं काम त्याला सांगावं लागतं. दाजींच्या खात्यात विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याला तुकडेजोड म्हणतात, तोच शब्द त्यांनी इथं लावला. पडद्यावर टक्के वाढत जातात, आणि दाजी समोर खुर्ची टाकून शेंगा सोलत ते बघत बसतात. सदतीस टक्के. अडतीस टक्के. अक्का म्हणतात, “त्यापरीस टीव्ही लावा की.” दाजी म्हणतात, “हितं खरं काम चाललंय.”

पण त्यांचा खरा धर्म म्हणजे बॅकअप. भूमापकाचा एक नेम असतो, म्हणे. शेताच्या कोपऱ्यातला दगड एकट्याच्या भरवशावर सोडायचा नाही. त्याचं अंतर आणखी दोन पक्क्या खुणांपासून मोजून ठेवायचं. मग तो दगड नांगराखाली जावो की कुणी रागानं उपटून टाको, उरलेल्या दोन खुणांवरून त्याची जागा बरोबर काढता येते. म्हणून दाजींच्या कॉम्प्युटरमधली प्रत्येक गोष्ट तीन ठिकाणी असते: एक घरी, एक लेकीकडे अकलूजला, आणि एक माझ्या लोखंडी कपाटात, बायकोच्या शालूखाली, टॉवेलात गुंडाळलेल्या काळ्या डिस्कमध्ये. अकलूजची डिस्क ते वर्षातून चार वेळा एसटीनं स्वतः घेऊन जातात, मांडीवर. लेकीसाठी नेलेली शेंगाचटणी वरच्या फळीवर, डिस्क मांडीवर. माझ्याकडची काळी डिस्क दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी जाते. तिथं आधी तिची नांगरट होते, म्हणजे ती फॉरमॅट करून कोरी करायची, आणि मग सगळं नव्यानं पेरायचं. घरचे हिस्से सी ते जी, त्यामुळे बाहेरून जोडलेल्या त्या डिस्कला कॉम्प्युटर कायम एच हे अक्षर द्यायचा. एच म्हणजे काळी डिस्क, हे दाजींच्या लेखी गावच्या गट नंबरासारखं कायमचं ठरलेलं.

माझं सगळं याच्या उलट. मी एका महाविद्यालयाच्या कचेरीत हेडक्लार्क आहे, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागचं चित्र दिसत नाही इतक्या फायली पडलेल्या असतात. दाजी त्याच्याकडे बघून हळहळतात. “पाव्हणं, तुमच्याकडं मोजणीच झाली न्हाय कदी.” मी त्यांची भरपूर थट्टा केली आहे. ‘तीन ठिकाणी ठेवण्याइतकं मोलाचं आपल्याकडे आहे काय, अकरा पाककृती?’ असं मी त्यांच्या तोंडावर विचारलं आहे. आणि हे विचारत असताना माझ्या खिशातल्या फोनमध्ये, नखाएवढ्या एका कार्डावर, माझ्या सासऱ्यांचा आवाज पडून होता. आप्पा गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत दोघी बहिणींनी त्यांना बोलतं केलं होतं आणि मी फोन समोर ठेवला होता. दीड तास ते बोलले. मधे मधे दिवाळीचे फोन यायचे, आप्पा उठून बोलून यायचे, म्हणून ते बोलणं चार फायलींत झालं. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. बायको दर दोन-चार महिन्यांनी म्हणायची, दाजींकडे देऊन या, आणि मी म्हणायचो, देतो की. अशी दोन वर्षं गेली. मग एके शनिवारी फोन धुण्याच्या बादलीत पडला आणि मेला. कार्ड तेवढं वाचलं. ते हातात घेऊन बायको म्हणाली, “उद्या पहिला रविवार हाय. सकाळीच जावा.” तिचा आवाज असा होता की मी चहासुद्धा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी काळी डिस्क आणि कार्ड दोन्ही घेऊन मी दाजींकडे पोचलो. आप्पांचा आवाज आणलाय म्हटल्यावर अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. दाजींनी चादर काढली, कॉम्प्युटर सुरू केला आणि काहीतरी चिकट हाताला लागलं म्हणून पुन्हा हात धुवायला गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मदत करायचं ठरवलं. आधी कार्ड जोडलं, मग काळी डिस्क जोडली. दाजी आले, बसले आणि आधी नेहमीची नांगरट उरकून घेऊ म्हणाले. हात कामाला आणि तोंड माझ्या उद्धाराला. “जे दोन ठिकाणी न्हाय, पाव्हणं, ते कुटंच न्हाय. आप्पांचा आवाज तुमी दोन वर्सं खिशात घालून फिरला. बसनं फिरला, गर्दीत फिरला. मानसानं जरा तरी...” आणि त्या वाक्याच्या मध्यावर त्यांनी एच निवडून फॉरमॅटची आज्ञा दिली. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. चालेल, असं दाजींनी दाबलं.

काळी डिस्क कोरी व्हायला नेहमी जरा वेळ लागतो. हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. दाजी थांबले. पडद्यावर बघितलं. कार्ड आधी जोडल्यामुळे एच हे अक्षर कार्डाला मिळालं होतं आणि काळी डिस्क आय होऊन बसली होती. जन्मभर ज्या माणसानं क्षेत्र जुळवल्याशिवाय सही केली नाही, त्यानं त्या एका दिवशी क्षेत्र, म्हणजे किती जीबी ते, बघितलं नव्हतं. नंबर बघितला होता, आणि शेताचा नंबर कधी शेजारच्या शेताला जात नाही यावर त्याचा पक्का विश्वास होता. मी म्हणालो, “दाजी, मी जोडलं हो.” ते म्हणाले, “जोडलं तुमी. मोजनी माझी हुती.” अक्का मागं वळल्या. आत गेल्या आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला त्या वेळी माझी स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

दाजींनी काय करावं? त्यांनी फुलस्केप कागद काढला आणि पंचनामा लिहिला. “आज रोजी सकाळी अकराचे सुमारास मोजणीदाराने जागेची खात्री न करता कै. आप्पांचे आवाजाचे क्षेत्र कोरे केले. चूक सर्वस्वी मोजणीदाराची.” पंच म्हणून माझी आणि अक्कांची सही घेतली. मी सही करताना म्हटलं, माझंही नाव घाला त्यात. ते म्हणाले, “पंचाला आरोपी करता येत न्हाय.” एरवी मी हसलो असतो. मग त्यांनी कार्ड बाहेर काढलं, ते ज्या अडॅप्टरमध्ये बसतं त्याची कडेची बारीक कळ सरकवून त्यावर लिहिण्याची वाट बंद केली, आणि मान वर केली तेव्हा ते पुन्हा भूमापक झाले होते. “ऐका. आत्ता फकस्त नोंदवही फाटलीया. कुटलं शेत कुणाचं, त्ये लिवलेलं गेलं. शेत जाग्यावरच हाय. जोवर त्यात नवीन कुनी काय पेरत न्हाय, तोवर आप्पा हितंच हायत. आता ह्येच्यात कुनी पाय ठेवायचा न्हाय.”

घरी जाऊन बायकोला सांगणं माझ्याकडे आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “दाजी काय म्हनले?” जाग्यावरच हायत म्हणाले, मी सांगितलं. “मग हायत,” ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली. तिचा दाजींवर इतका विश्वास आहे हे मला माहीत होतं. माझ्यावर किती आहे ते विचारायची ती वेळ नव्हती.

पुढचे तीन दिवस दाजींनी जे केलं ते मी बघितलं आहे. पहिल्या दिवशी गायरान रिकामं केलं; मोकाट जनावरं सगळी हाकलली. दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या त्या दुकानदाराकडून हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम आणला, पण मूळ कार्डाला हात लावला नाही. आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल गायरानात उतरवली आणि काम नकलेवर सुरू केलं. मूळ नकाशावर कुणी रेघ ओढत नाही, म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी कचेरीतून रजा टाकून गेलो तर भर दुपारी दीड वाजता कॉम्प्युटर चालू. टेबलफॅन यंत्राकडे तोंड करून ठेवलेला आणि दाजी बनियनवर, घामानं निथळत. मी घड्याळाकडे बघितलं. ते म्हणाले, “बगू नका तिकडं.”

चार वाजेपर्यंत तीन फायली निघाल्या. पहिली, दुसरी आणि चौथी. आप्पा खाकरले आणि अक्कांनी तोंडाला पदर लावला. तिसरी मात्र निघेना. ती कार्डावर सलग नव्हती; जागा मिळेल तिथं तुकडे होऊन पडली होती, आणि कुठल्या तुकड्याला कुठला तुकडा जोडायचा हे ज्या नोंदवहीत होतं तीच आम्ही फाडली होती. दाजी आणखी आठ दिवस तिच्यामागे लागले. मधेच एखादा शब्द यायचा, मग खरखर. “वीस मिन्टं कमी भरत्यात,” ते मला रोज फोनवर सांगायचे. त्यांचं जेवण कमी झालं. माझ्याशी बोलताना लेक्चर देणं बंद झालं, आणि मला ते अजिबात आवडेना. चूक केलेले दाजी मी सहन केले असते, गप्प दाजी मला बघवत नव्हते.

शेवटी अक्कांनीच त्यांना थांबवलं. आम्ही दोघं नवरा-बायको त्या दिवशी त्यांच्याकडेच होतो. अक्का म्हणाल्या, “त्या वीस मिन्टात काय हुतं, मला ठावं हाय की. शाळेसाठी आमा दोगीला घिऊन आप्पा सोलापुरात खोली करून राहिले, त्ये सांगितलंय त्येनी. आई गावाकडं शेती बगायची, आन् हितं आप्पा सैपाक करायचे. आमीच हुतो तितं. तुमी काय हुडकताय?” दाजींनी शोधणारा प्रोग्राम बंद केला. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला, टॉवेलाची घडी त्याच्याखाली सरकवली आणि दोघींना समोर बसवलं. “सांगा,” म्हणाले. “घाई न्हाय.”

दोघी बहिणी वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं बोलल्या. खोली वरच्या मजल्यावर होती की खाली, यावर भांडल्या. आप्पांच्या भाकरीला भोक पडायचं आणि ते म्हणायचे, ह्येच्यातनं सूर्य बगा. लोक विचारायचे, पोरींना एवढं शिकवून काय करणार, तर ते उत्तर द्यायचे नाहीत, नुसते पीठ मळायचे. करपलेली भाकरी ते स्वतःच्या ताटात घ्यायचे आणि धाकटी रोज ती मागून घ्यायची, आप्पांची भाकरी म्हणून. धाकटी म्हणजे माझी बायको. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

दाजींनी ती फाइल तिसरी म्हणून मधे बसवली, आणि त्याच दुपारी सगळं सलग लावलं. आधी आप्पांची पहिली, मग दुसरी. मग दोघी बोलू लागल्या, भांडल्या, हसल्या, आणि करपलेल्या भाकरीपाशी येऊन थांबल्या. लगेच पुढची फाइल सुरू झाली. फोनवरचं कुणाचं तरी बोलणं संपवून आप्पा परत आमच्यात येऊन बसत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते म्हणाले, “हं. कुटं हुतो आपण?”

दाजींनी बोट उचललं, पण फाइल थांबवली नाही. माझी बायको पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, “भाकरीपातूर आलोय, आप्पा.”

आणि आप्पा पुढचं सांगू लागले.